अंगवळणी

तांपेरेत नोव्हेंबरच्या दुपारी
साडेतीनलाच काळोख होतो.
आम्ही आरशामागे बसतो, कॉफी घेऊन.
त्यांना दिसतो त्यांचाच चेहरा
आणि आम्हाला ते.

वर्षभरात मी केलं ते एवढंच:
पडद्यावरच्या खिडक्यांचे कोपरे गोल केले.
आधी चार पिक्सेल, मग सहा,
बारा केले तेव्हा फारच लाडिक दिसले,
शेवटी आठ.
त्या आठासाठी सात बैठका झाल्या, एक भांडण झालं,
आणि एकजण नोकरी सोडून गेला.
(कारण दुसरंच होतं,
पण श्रेय आम्ही कोपऱ्यालाच देतो.)
चौकटीच्या रेघा काढल्या. सावल्या काढल्या.
डाव्या कोपऱ्यातलं बटण
उचलून मधोमध ठेवलं.

रेइयो पानानेन आला, लाकडाच्या वखारीत हिशेब बघतो.
बसला. बघितलं. हाताची घडी घातली.
"कुणी सांगितलं होतं?"
या उत्तरासाठी आमच्या कागदावर रकाना नव्हता.
एक ते पाच गुण द्यायचे होते,
त्यानं पेन मागून घेतलं आणि शून्य काढलं,
सावकाश, टोकाला टोक जुळवत.
इतका सुबक गोल
मला वर्षभरात जमला नाही.

ऊना बावीस वर्षांची. म्हणाली, छान आहे.
पाच मिनिटांनी विचारलं, काय बदललंय?
तिला सांगता येईना.
आरशामागे आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

मग आउने किवेला.
दूध संघात एकतीस वर्षं जमाखर्च.
बूट दाराशी काढून लोकरी मोज्यांत आली,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.
तिला म्हटलं, एक जुनं पत्र उघडा.
तिचा हात निघाला तो थेट
खाली, डावीकडे,
डोळे अजून आमच्या माणसाकडेच होते
आणि हात पोचलासुद्धा.
तिथं काही नव्हतं.
चार सेकंद. सात.
हात तिथंच. हलेना.
अकरा.
मग ती हळूच म्हणाली, माफ करा,
आम्हाला नाही, यंत्राला,
"माझंच काहीतरी चुकत असेल."

रेइयोचं शून्य मी भिंतीवर लावलंय, त्याचं काही नाही.
हे वाक्य मात्र कुठं लावू?

जाताना बूट चढवता चढवता तिनं आणखी एक सांगितलं,
तक्रार म्हणून नव्हे, हवापाण्याच्या गप्पांसारखं:
"आधी कळायचं, कुठला कागद वर, कुठला खाली.
थोडी सावली पडायची ना."
चौदाव्या पानावर माझंच वाक्य आहे:
सावली जुनाट दिसते.

आपण म्हणतो, सवय अंगवळणी पडते.
म्हणजे अंगात कुठंतरी एक वळण असतं,
मनगटात, खांद्यात, कुठं ते माहीत नाही,
पाणी जावं तसा हात त्यातून जातो.
मी कोपऱ्यांना वळण देत होतो
तेव्हा ते आधीच दिलेलं होतं,
एकतीस वर्षं, रोज सकाळी आठ वाजता,
आणि माझ्या नकाशात त्याची
एक रेघसुद्धा नव्हती.

त्या रात्री घरी गेलो. मे महिन्यापासून नवं घर.
दार उघडलं आणि अंधारात
उजवीकडची भिंत चाचपत राहिलो.
दिवा डावीकडे आहे.
सहा महिने डावीकडेच आहे.
किती सेकंद गेले, मोजले नाहीत.

सोमवारी सावली परत टाकली.
एकाच पिक्सेलची, फिकट.
बैठकीत कुणाच्या लक्षात आली नाही.
बटणाचं मात्र काही करता आलं नाही, ते मधोमधच राहिलं.
आणि डावा कोपरा रिकामा बरा दिसत नाही म्हणून
तिथं हवामान दाखवायचं ठरलंय.

आउने उद्या सवयीनं तिथं दाबेल.
उणे चार, असं येईल.
संध्याकाळपर्यंत बर्फ.